फ्रान्सची अमेरिकेस मदत, पुणे दरबार आणि अंतर्गत उलथापालथ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पदवी वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे शिकविताना एक विधान हमखास केले जाते : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धास केलेल्या मदतीने फ्रान्सचा खजिना रिता झाला व त्यातून १७८९ ची क्रांती उद्भवली. हे विधान असत्य नाही. मात्र ते अपुरे आहे. ज्या फ्रेंच धोरणाचे एक टोक अमेरिकेत होते, त्याचे दुसरे टोक पुणे दरबारापर्यंत पोहोचले होते. हे दुसरे टोक लक्षात घेऊन उपरोक्त विधानाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुण्यातील फ्रेंच वकील :
सप्तवार्षिक युद्धातील (१७५६-६३) पराभवाचे उट्टे काढणे हे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांचे उद्दिष्ट होते. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. तत्पूर्वीच, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन हा सोळाव्या लुईचा वकील म्हणून पुण्यास आला. त्याची नजर चौल बंदरावर होती. नाना फडणवीसांनी त्याचा सन्मान केला. इंग्रजी इतिहासलेखनात तो बहुधा तोतया ठरतो, मात्र प्रा. हातळकर यांनी फ्रेंच-मराठे संबंधांवरील ग्रंथात (१९५८) हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा मानला, हे महत्त्वाचे होय.

सेंट ल्युबिन खरा की खोटा, एवढ्यावरच चर्चा थांबू नये. फ्रेंच फौज पुण्यास आली नाही, चौलही फ्रेंचांना मिळाले नाही. तथापि, फ्रेंचांच्या भीतीचे कारण पुढे करून वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधून फौज धाडली. गॉडर्डच्या नेतृत्वाखाली ती होशंगाबादेत थांबली असता नागपूरकर मुधोजी भोसल्यांशी बोलणी झाली. आपला गोंदिया परिसर तेव्हा याच भोसल्यांच्या अमलाखाली होता. नानांच्या मुत्सद्देगिरीचा गौरव करताना तिची ही किंमतही नोंदविली पाहिजे.

घरातील भेग :
१७७८ मध्येच मोरोबा फडणवीसांनी तुकोजी होळकरांच्या साहाय्याने नानांचा कारभार उलथवला आणि रघुनाथरावांस आणण्यासाठी मुंबईकर इंग्रजांना साद घातली. महादजी शिंद्यांच्या बळावर नाना सावरले. इंग्रजांना पुण्याकडे येण्याची वाट भाऊबंदकीनेच दाखविली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना नमते घ्यावे लागले, तरी ही भेग बुजली नाही.

फ्रान्समध्ये भेग कररचनेत होती. युद्ध खजिन्यास झेपणार नाही, असा इशारा तुर्गो याने १७७६ मध्येच दिला होता. पुढे नेकरने नवे कर टाळून कर्जावर युद्ध चालविले. १७८१ च्या जमाखर्चात त्याने शिल्लक दाखविली, पण युद्धाचा असाधारण खर्च त्यात धरलाच नव्हता. युद्धाचा एकूण खर्च १०० कोटी लिव्रांहून अधिक मानला जातो. १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भाग कर्जफेड व व्याज यांवर जात होता. १७८७ मध्ये कॅलोनने सरदार-धर्मगुरूंवरही जमीनकर सुचविताच प्रतिष्ठितांच्या सभेने विरोध केला. अखेर मे १७८९ मध्ये इस्टेट्स जनरल बोलवावी लागली.

याच युद्धात ब्रिटनचे कर्जही जवळपास दुप्पट झाले. तेथे मात्र क्रांती झाली नाही. कारण तेथील करास पार्लमेंटची संमती होती आणि कर्ज देणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास होता.

निष्कर्ष :
परक्या क्रांतीस केलेली मदत हे क्रांतीचे निमित्त ठरले. कारण मात्र सवलतींवर उभी असलेली राज्यव्यवस्था होती. पुण्यातही परकीय हस्तक्षेपास घरातील फुटीने वाव दिला. म्हणून अमेरिकन युद्ध, पहिले इंग्रज-मराठे युद्ध आणि फ्रेंच क्रांती ही प्रकरणे तीन स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागली गेली असली, तरी अध्यापनात ती एकमेकांशेजारी ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थी ‘खजिना रिता झाला’ हे उत्तर पाठ करील. पण तो भरण्यास नकार कोणी दिला, हा प्रश्न त्यास पडणार नाही.