शब्दाची फोड आणि शब्दाचा जन्म

‘युनि’ म्हणजे एक, ‘सायकल’ म्हणजे चाक. म्हणून युनिसायकल म्हणजे एकचाकी. अशी फोड फळ्यावर मांडली की अर्थ पक्का लक्षात राहतो, हे आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो ही फोडच शब्दाची जन्मकथा म्हणून सांगण्याला.

फोड ऐकून विद्यार्थ्याला वाटते की हे शब्द एक, दोन, तीन अशा क्रमाने घडले असतील. प्रत्यक्ष नोंदी उलट्या क्रमाने सापडतात. ‘ट्रायसिकल’ हा शब्द १८२८ मध्ये आढळतो, तोही तीन चाकांच्या घोडागाडीसाठी. ‘बायसिकल’ इंग्रजीत रुळला १८६८च्या सुमारास आणि ‘युनिसायकल’ आला त्यानंतर, १८६९ मध्ये. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये पायांनी जमीन रेटत चालवायचे दुचाकी वाहन केले, तेव्हा चाके मोजायची कोणाला गरजच वाटली नव्हती. फ्रान्समध्ये त्याला नाव मिळाले ‘व्हेलोसिपीड’, म्हणजे वेगवान पाय! पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पॅडल बसले, नाना तऱ्हेची वाहने निघाली आणि मग नावात चाकांचा आकडा आला. ‘युनिसायकल’ हा शब्द ‘बायसिकल’च्या साच्यावर बेतलेला आहे, कोणी लॅटिन कोश उघडून तो जुळवलेला नाही.

दुसरी आवडती कथा पेनी-फार्दिंगची. उंच चाकाच्या त्या सायकलीचे मागचे छोटे चाक ब्रेक लावताना उचलले जाई, त्यावरून एकचाकी सुचली म्हणतात. कल्पना मोहक आहे. परंतु उंच चाकाच्या सायकली पसरल्या १८७०च्या दशकात, आणि फ्रेडरिक मायर्स यांच्या एकचाकी वाहनाचे अमेरिकन पेटंट आहे १८६९चे. निदान शब्दाचे श्रेय तरी या कथेला देता येत नाही.

‘युनि’ लॅटिन आणि ‘सायकल’ ग्रीक, म्हणून हा शब्द भेसळीचा, असेही कोणी म्हणतात. मग ‘बायसिकल’चे काय? तोही तसाच आहे. फ्रेंचांनी ‘मोनोसिकल’ हा निव्वळ ग्रीक शब्द ठेवला, एवढेच. (ग्रीक ‘कुक्लोस’ आणि आपले ‘चक्र’ एकाच कुळातले, हे मात्र वर्गात जरूर सांगावे.)

फोडीचा खरा पराभव पुढेच आहे. एकचाकीवाले आपल्या वाहनाला नुसते ‘युनि’ म्हणतात. चाक गळाले, आकडा उरला आणि वाहनाचा अर्थ त्या आकड्यालाच चिकटला. डोंगरवाटांवर एकचाकी चालवण्याच्या खेळाला इंग्रजीत ‘माउंटन युनिसायकलिंग’ म्हणतात. त्याचे लघुरूप झाले ‘म्युनि’. रोमन लिपीतले हे रूप आपला विद्यार्थी ‘मुनी’ असेच वाचील! ‘ऑम्निबस’मधून उरलेली ‘बस’ ही तर लॅटिनमधल्या विभक्तिप्रत्ययाची शेपटी. तिची फोड करून फळ्यावर काय लिहिणार?