जेरोमची वेल

थोर भाषांतरकारांच्या चुका मोजण्याची आपणां टीकाकारांना फार हौस. जेरोमच्या खात्यावरही अशी एक चूक मांडलेली आहे. मला मात्र तिच्यातच त्याची खरी ओळख पटते.

इ. स. ३८२ मध्ये पोप दमासस याने लॅटिन शुभवर्तमाने सुधारण्याचे काम जेरोमवर सोपविले. पुढे बेथलेहेमच्या मठात बसून त्याने जुना करार ग्रीकच्या आधाराने नव्हे, तर थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. त्यातील योनाच्या कथेत निनवे शहराबाहेर उन्हात बसलेल्या संदेष्ट्यावर एक झाड सावली धरते. जुन्या भाषांतरांत तो भोपळ्याचा वेल होता. जेरोमने आयव्हीची वेल केली. आजच्या त्रिपोलीच्या जागी असलेल्या ओएया नगरात हा भाग उपासनेत वाचला गेला आणि गदारोळ उठला. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला भोपळा गेला कुठे? अनुयायी सोडून जातील या धास्तीने बिशपला माघार घ्यावी लागली. ४०३ साली ऑगस्टीनने ही हकीकत जेरोमला पत्राने कळविली.

जेरोमचे उत्तर मोठे प्रांजळ आहे. मूळ झाड रुंद पानांचे, स्वतःच्या खोडावर उभे राहणारे, हे तो जाणून होता. पण त्याच्या मते लॅटिनमध्ये त्याला नावच नव्हते आणि हिब्रू शब्द तसाच ठेवावा तर तो कोणाला कळणार? म्हणून आयव्ही. ते झाड एरंड असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्याकडे उकिरड्यावर आपोआप उगवणाऱ्या झाडापुढे एवढ्या पंडिताची लॅटिन तोकडी पडावी, यात भाषांतराचे सारे दुःख आले!

पुढे काळाने उलटीच गंमत केली. ज्याने लोकांच्या कानांची सवय मोडली, त्याचीच भाषा लोकांच्या कानांची सवय झाली. १५१६ मध्ये इरॅस्मसने जेरोमचे ग्रंथ संपादून छापले आणि त्याच वर्षी नव्या कराराचे स्वतःचे लॅटिन भाषांतरही काढले. जेरोमचे शब्द बदलले म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने व्हल्गेटला अधिकृत ठरविले.

जेरोमचा खरा वारस कोण, असे मला कोणी विचारले, तर त्याचे शब्द जपणाऱ्यांकडे मी बोट दाखविणार नाही. ते बाजूस सारून पुन्हा मुळाकडे गेलेल्या इरॅस्मसचेच नाव मी घेईन.