टेहळणी विमान कोणी पाडले? : सेंतेक्झ्युपेरीच्या संदर्भात विमानवेधी दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना :
युद्धकाळात पडलेले एखादे टेहळणी विमान नेमके कोणत्या विमानवेधी तुकडीने पाडले, हा प्रश्न वरवर पाहता केवळ लष्करी इतिहासाचा वाटतो. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा प्रश्न आहे. तोफखान्याचा दावा, हवाई दलाची नुकसानीची नोंद आणि विमानाचे अवशेष ही तीन साधने परस्परांपासून स्वतंत्रपणे निर्माण होतात. दिवस, स्थळ आणि विमान या तिन्ही बाबतींत ती जुळली, तरच दाव्याला पुराव्याचे मूल्य प्राप्त होते. फ्रेंच लेखक व वैमानिक आंत्वान द सेंतेक्झ्युपेरी (१९००–१९४४) यांचे लेखन आणि मृत्यू यांच्या आधारे या निकषाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनांचे स्वरूप :
बॉम्बफेकी विमाने ताफ्याने जात. त्यामुळे एक विमान कोसळताना शेजारच्या विमानातील सैनिक ते पाहत. टेहळणी विमान बहुधा एकटेच जाई. साहजिकच त्याच्या तळावरील नोंद पुष्कळदा ‘परतले नाही’ एवढ्यावरच थांबते. उरते ती जमिनीवरील तोफखान्याची साक्ष. परंतु ती निरपेक्ष नसते. जर्मनीत १९४१ मध्ये सुरू झालेल्या विमानवेधी सन्मानचिन्हासाठी १६ गुण लागत. तुकडीने स्वबळावर विमान पाडल्यास ४ आणि इतरांच्या साहाय्याने पाडल्यास २ गुण मिळत. म्हणजेच ‘आम्हीच पाडले’ या विधानामागे प्रतिष्ठेचा हेतूही संभवतो. एकाच विमानावर अनेक तुकड्या एकाच वेळी मारा करीत असल्याने खोटे न बोलताही दोन तुकड्या एकच विमान आपले म्हणू शकत. शिवाय जर्मन विमानवेधी तोफखान्याचा मोठा भाग हवाई दलाच्या अखत्यारीत होता आणि त्या दलाची बहुतांश कागदपत्रे युद्धाच्या अखेरीस नष्ट झाली.

साहित्यकृतीतील साक्ष :
सेंतेक्झ्युपेरी टेहळणी गट २/३३ मध्ये होते. २३ मे १९४० रोजी आरास शहरावर त्यांनी केलेल्या उड्डाणाचा अनुभव ‘पिलोत द गेर’ (१९४२) या कृतीत येतो. या कृतीतील माऱ्याला कर्ता नाही. खालून प्रकाशाच्या ठिपक्यांच्या माळा वर येतात. तोफा डागणारा माणूस मात्र दिसत नाही. त्याच क्षणी निवेदकाला बालपणीची तिरोलची दाई पाउला आठवते. मृत्यूच्या इतक्या समीप असताना शत्रूचा चेहरा न दिसता दाईचा चेहरा दिसावा, यातच या कृतीचे सामर्थ्य आहे. संशोधकाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची बाब सूचित होते : वैमानिकाची साक्ष कितीही प्रामाणिक असली, तरी मारा करणारी तुकडी कोणती, हे ती सांगू शकत नाही.

दाव्याची चिकित्सा :
३१ जुलै १९४४ रोजी सेंतेक्झ्युपेरी कोर्सिका बेटावरून निःशस्त्र लाइटनिंग विमानातून एकटेच निघाले आणि परतले नाहीत. १९९८ मध्ये मार्सेयजवळच्या समुद्रात एका मच्छीमाराच्या जाळ्यात त्यांची मनगटसाखळी आली. २००० मध्ये विमानाचे अवशेष आढळले आणि २७३४ या कोरीव क्रमांकावरून २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. नुकसानीची नोंद आणि अवशेष ही दोन साधने अशा रीतीने साठ वर्षांनी जुळली. हाती आलेल्या भागांवर गोळ्यांच्या खुणा सापडल्या नाहीत. तथापि, ते भाग थोडे व मोडलेले असल्याने मारा झालाच नाही, असेही त्यावरून ठरत नाही.

२००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट या माजी जर्मन लढाऊ वैमानिकाने ते विमान आपण पाडल्याचे सांगितले. ते स्वतः या लेखकाचे चाहते होते. कबुलीतील खेदामुळे ती वाचकाला तत्काळ पटते. मात्र तिला दुजोरा देणारी समकालीन नोंद उपलब्ध झालेली नाही. खेद हा मनाचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे. तोफखान्याच्या अभिमानाला जो निकष लावायचा, तोच वैमानिकाच्या पश्चात्तापालाही लावला पाहिजे.

निष्कर्ष :
थोर लेखकाच्या मृत्यूला एक निश्चित कर्ता असावा, ही वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असते. ती पुरी करण्यासाठी अपुऱ्या पुराव्यावर एखाद्या तुकडीचे वा व्यक्तीचे नाव लिहिणे म्हणजे कोणाला न मिळवलेला गौरव आणि कोणाला न केलेली हत्या बहाल करणे होय. एकदा छापले गेलेले नाव पुढील ग्रंथांत उतरत जाते व ते पुसणे दुष्कर होते. म्हणून तीन साधने जुळत नाहीत तेथे श्रेयाची जागा रिकामी ठेवणे, हेच संशोधकाचे कर्तव्य ठरते. ‘पिलोत द गेर’मधील चेहरा नसलेला मारा ती रिकामी जागा अधिक प्रामाणिकपणे सांभाळतो.