श्रवण की पुनरुच्चारण?

श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा इंग्रजीच्या प्राथमिक अध्यापनाचा क्रम आता सर्वमान्य झालेला आहे. २००० साली महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या इयत्तांत भर श्रवण-भाषणावर राहील हेच अपेक्षित होते. परंतु वर्गात श्रवण म्हणून जे चालते, ते खरोखर श्रवण आहे काय, याचा विचार क्वचितच होतो.

शिक्षक शब्द उच्चारतात आणि मुले तो एका सुरात पुन्हा म्हणतात. हे अनुकरण होय. अर्थ न कळताही ते बिनचूक साधते. किंबहुना तोंड कामाला लागले की कानाला उसंतच उरत नाही.

याउलट अंधेरी-बोरिवलीच्या लोकलने जाणारे मूल पाहावे. पुढील स्थानकाचे नाव ते मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत ऐकते. 'नेक्स्ट स्टेशन' हे शब्द त्याला कोणी शिकविलेले नसतात. अर्थ मराठीतून आधीच कळलेला, गाडी थांबताच त्याची प्रचीती आलेली आणि उत्तर देण्याची सक्ती नाही, एवढ्यावरच ते शब्द कानात रुजतात. अर्थात ठरलेल्या साच्याची ओळख म्हणजे संपूर्ण श्रवणकौशल्य नव्हे. तथापि शिक्षणाची जी पूर्वअट वर्गात हरवते, ती येथे सापडते.

कानाच्या अडचणी खऱ्या आहेत. मराठी लेखनात 'दिन' आणि 'दीन' भिन्न असले, तरी नित्याच्या बोलण्यात तो स्वरभेद बहुधा उरत नाही. साहजिकच इंग्रजीतील 'शिप' (जहाज) व 'शीप' (मेंढी) यांतील अंतर मराठी कानाला चटकन जाणवत नाही. तसेच सुटा शिकविलेला 'अँड' हा शब्द वाक्यात 'न्' एवढाच उरतो आणि मुलाला तो ओळखू येत नाही. सुट्या शब्दांच्या घोकंपट्टीने हे दोष दूर होणे शक्य नाही.

त्यावरील उपाय खर्चाचा नाही. फळ्यावर जहाज व मेंढी काढावीत. शिक्षकांनी पूर्ण वाक्य म्हणावे. मुलांनी मुकाट्याने बोट दाखवावे. आज्ञा ऐकून कृती करण्याची जी पद्धती जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडली, तिचे मर्मही हेच आहे: आकलन आधी, उच्चार नंतर. बोट चुकले की कोठे ऐकू आले नाही ते शिक्षकाला तत्काळ कळते; समूहस्वरात ते झाकले जाते.

मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी 'कळत नाही' या समजुतीने उपनगरांतील कित्येक पालक त्या शाळांकडे पाठ फिरवितात. त्या मुलाचा कान मंद नाही. त्याला ऐकू देण्याआधीच आपण बोलावयास लावतो, हा दोष अध्यापनाचा आहे.