शेजारच्या कोठडीतली बाई

आणीबाणीच्या आठवणी निघाल्या की दादर-गिरगावच्या सभांत एक किस्सा हमखास येतो. परळहून चालत जाऊन मी तो कितीदा ऐकलाय. मृणाल गोरे, पाणीवाली बाई, समाजवादी आमदार. मिसाखाली धरून त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकटीला ठेवलं. शेजारी कुष्ठरोगी बाई, समोर वेडी, सारखी ओरडणारी. सभा हळहळते. मलाही संताप येतो. विरोधी पक्षाच्या बाईला मोडायचा तो सरकारी डाव होता.

पण दोस्तांनो, डाव कसला ते बघा. एका माणसाचा शेजार हीच दुसऱ्याला शिक्षा! हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको, गावकुसाबाहेर आपण तेच होतो. आणि सांगणारे? तेही त्या दोघींना ढेकणा-डासांच्या रांगेत बसवतात. मिसात खटला नव्हता हे ठासून सांगतात. वेडीवर तरी कुठला खटला होता, कुणी विचारत नाही. मृणालताई सुटल्या, १९७७ला लोकसभेत गेल्या. वेडी कुठे गेली?

गुन्हा नसलेल्या वेड्यांना तुरुंगात डांबणं बेकायदा, हे सुप्रीम कोर्टानं सांगितलं १९९३ला. तेही शीला बारसे कोर्टात गेल्या म्हणून. याच पत्रकार बाईंनी १९८२त मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या १५ बायकांना गाठलं होतं. ५ जणींनी पोलिसांनी मारल्याचं सांगितलं. त्यांच्यावर दादरला सभा झालेली मी तरी ऐकली नाही.