मागच्या दाराचे हसू

स्त्रियांच्या मैत्रीवरील खेळकर कादंबरी म्हणजे दुपारची करमणूक, असा समज आपल्याकडे रूढ आहे. फॅनी फ्लॅग या अमेरिकन लेखिकेच्या 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे' (१९८७) या कादंबरीने तो समज आम्हांस तपासून पाहावयास लावला.

व्हिसल स्टॉप हे अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यातले, रेल्वेच्या आधाराने जगणारे कल्पित गाव. इजी आणि रूथ या मैत्रिणी तेथे १९२९ साली उपाहारगृह काढतात. अनेक वर्षांनंतर वृद्धाश्रमातील निनी थ्रेडगुड या आजीबाई ती हकिकत इव्हलिन नावाच्या खचलेल्या गृहिणीस सांगतात, आणि ऐकता ऐकता या दोघींचीही मैत्री जुळते. मधूनमधून डॉट वीम्सबाईंचे गावपत्रक डोकावते. त्यात गावच्या बारीकसारीक बातम्या असतात, आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या नवऱ्याची थट्टा.

या थट्टेखाली काय दडले आहे? रूथचा नवरा तिला मारहाण करतो. इजी तिला त्या घरातून सोडवून आणते. वर्णद्वेष्ट्यांचा रोष पत्करून या मैत्रिणी काळ्या माणसांना मागच्या दाराने जेवण देतात. पुढे रेल्वेची वर्दळ आटते आणि गावही विरून जाते. लोधीखेड्याच्या वाचकास ही हुरहूर परकी नाही. २०१५ साली आपली छोटी गाडी बंद झाली, तेव्हा मोठ्या रुळांची वाट पाहतानाही जुन्या गाडीतल्या ओळखी आठवून आपण हळहळलोच होतो.

दुःख हसत सांगण्याची ही रीत मराठीला नवी नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त पतीचे १८९५ चे धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट सांगितली, ती स्वतःवर हसतच. पण ते आत्मचरित्र. विनोदी कथेत मात्र गावातल्या मैत्रिणी आम्हांस बहुधा थट्टेचा विषय म्हणून भेटल्या. थट्टा करणाऱ्या म्हणून क्वचितच. तो अधिकार त्यांनी गाण्यात मिळविला होता. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईसमोर फेर धरणाऱ्या मुली सासरची यथेच्छ टिंगल करीत, आणि मग झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ रंगे. त्या फेराची कादंबरी कोणी लिहिली नाही, ही आमची खंत आहे.

तथापि या पुस्तकात एक उणीव राहते. स्वयंपाकघर सांभाळणारी सिप्सी आणि तिने वाढविलेला बिग जॉर्ज ही काळी माणसे मोठ्या मनाची आहेत. पण त्यांचे मोठेपण बहुतेक गोऱ्या नायिकांच्या उपयोगी पडण्यातच दिसते. मागच्या दाराने अन्न देणाऱ्यांचे धैर्य आपल्याला कळते. ते अन्न तेथे उभे राहून घेणाऱ्याच्या मनात काय येत असेल, ते पुरेसे कळत नाही. गोडव्याने लिहिणाऱ्या लेखकाला हा धोका नेहमीच असतो.

आणि येथे आपणही थोडे थांबावे. भुलाबाईचा फेर आपण मायेने आठवतो. पण गावातल्या सगळ्याच मुली त्या फेरात होत्या काय? खिरापत प्रत्येक दारी पोचत होती काय? आपल्या जुन्या घरांतून उद्या कोणी लेक अशी खेळकर कादंबरी लिहील, तर तिने मागच्या दारालाही तोंड द्यावे. तेथे उभ्या असलेल्या बाईलाही हसण्यासारखे बरेच काही ठाऊक असते, कदाचित आपल्याबद्दलच.