निनावी देह आणि वलयांकित नाव : फॅशन-नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची संहिता

१

फॅशनविषयक नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर मॉडेलऐवजी चित्रपट, संगीत वा राजकारण या क्षेत्रांतील वलयांकित व्यक्ती असावी काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा किंवा अभिरुचीचा वाटतो. एक पक्ष खपाचा दाखला देतो. दुसरा पक्ष फॅशन ही एक स्वायत्त कला असल्याचे सांगून तिच्यात उपऱ्यांचा प्रवेश नको, असे म्हणतो. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : मुखपृष्ठावरील व्यक्ती बदलली तरी मुखपृष्ठाचे विधान तेच राहते. हे गृहीतकच तपासून पाहावयास हवे. मुखपृष्ठ ही नियतकालिकाची पहिली संहिता असते. अंक न उघडणाराही ती वाचतो. तीत चेहरा, देह, वस्त्र आणि अक्षरे यांचा परस्परसंबंध ठरलेला असतो. या घटकांपैकी एक बदलला की उरलेल्यांची स्थाने कशी बदलतात, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

२

रोलाँ बार्त यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या फॅशनव्यवस्थेवरील ग्रंथासाठी प्रामुख्याने १९५८-५९ या काळातील फ्रेंच फॅशन-नियतकालिकांचे अंक अभ्यासले होते. प्रत्यक्ष वस्त्र, छायाचित्रातील वस्त्र आणि शब्दांत वर्णिलेले वस्त्र अशी तीन रूपे वेगळी करून त्यांनी तिसऱ्या रूपाचे विश्लेषण केले. छायाचित्र त्यांनी बाजूला ठेवले. असे असूनही मुखपृष्ठावरील मॉडेलच्या देहाविषयी त्यांनी जाता जाता केलेले निरीक्षण या चर्चेत कळीचे ठरते. त्यांच्या मते हा देह कोणा एकीचा नसतो. तो गुणविशेषरहित असा शुद्ध आकार असतो आणि अखेरीस तो वस्त्राकडेच निर्देश करतो. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे देह हा चिन्हक आणि वस्त्र हे चिन्हित असते. देहाला चरित्र नसल्यामुळेच वस्त्राला अर्थ प्राप्त होतो.

वलयांकित व्यक्ती मुखपृष्ठावर आली की या निर्देशाची दिशा उलटते. अमेरिकन ‘व्होग’च्या मे १९८९च्या अंकावर मॅडोना झळकली, तेव्हा वाचकाने प्रथम मॅडोना ओळखली आणि मग तिने काय परिधान केले आहे ते पाहिले. आता वस्त्र हे व्यक्तीचे विशेषण झाले. मुखपृष्ठ फॅशनविषयीचे विधान करण्याऐवजी व्यक्तिचित्राच्या वर्गात जाऊन बसले. डॅनियल बुअरस्टिन यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी वलयांकित व्यक्तीचे जे लक्षण सांगितले, ते येथे ताडून पाहण्यासारखे आहे. अशी व्यक्ती तिच्या प्रसिद्धीमुळेच प्रसिद्ध असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे दोन्ही मुखपृष्ठांत एकेक पुनरुक्ती आहे. मॉडेलच्या मुखपृष्ठात वस्त्र वस्त्राकडे परतते. वलयांकित व्यक्तीच्या मुखपृष्ठात नाव नावाकडे परतते.

मराठीत रूढ झालेला ‘वलयांकित’ हा शब्द या संदर्भात अर्थपूर्ण आहे. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६च्या सुप्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीभोवतीचे वलय लोप पावत असल्याचे मांडले. त्याच निबंधात चित्रपट-व्यवसाय ही उणीव नटाच्या व्यक्तिमत्त्वाचे कृत्रिम माहात्म्य उभारून भरून काढतो, असेही सांगितले. लाखोंच्या संख्येने छापल्या जाणाऱ्या मुखपृष्ठाला स्वतःचे वलय असू शकत नाही. ते उसने आणावे लागते आणि तारका ते बरोबर घेऊन येते.

३

या मांडणीवर एक सबळ आक्षेप घेता येईल. मॉडेल खरोखर निनावी होती काय? इतिहास याचे उत्तर होकारार्थी देत नाही. ब्रिटिश ‘व्होग’च्या जानेवारी १९९०च्या अंकासाठी पीटर लिंडबर्ग यांनी टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रात नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, तात्याना पाटिट्झ, क्रिस्टी टर्लिंग्टन आणि सिंडी क्रॉफर्ड या पाच जणी होत्या. त्यांचे कपडे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत, नावे राहिली. त्याच वर्षी जॉर्ज मायकल या गायकाने ‘फ्रीडम! ९०’ या गीताच्या चित्रफितीत स्वतः दिसण्याचे नाकारले आणि गीताचे शब्द या पाच जणींच्या ओठी दिले. येथे वलयांकित व्यक्तीच्या जागी मॉडेल आल्या होत्या. ज्या बदलाविषयी आज तक्रार केली जाते, त्याचा हा नेमका विपर्यय होय. त्यानंतरच्या दशकात मुखपृष्ठे तारकांकडे गेली, ती या अर्थाने मॉडेलनेच मोकळ्या केलेल्या वाटेवरून गेली. मुखपृष्ठावरील देहाला नाव असू शकते हे वाचकाला मॉडेलने शिकविले. तारकेजवळ ते नाव आधीच तयार होते.

बार्त यांचा ‘शुद्ध आकार’ही वस्तुतः किती अशुद्ध असतो, याचे एक उदाहरण ॲना विंटूर यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या अमेरिकन ‘व्होग’च्या पहिल्याच मुखपृष्ठात सापडते. नोव्हेंबर १९८८च्या या अंकावर मिकाएला बेरकू ही मॉडेल ख्रिश्चन लाक्रवा यांचे रत्नजडित जाकीट आणि साधी जीन्स घालून रस्त्यावर उभी आहे. जाकिटाच्या जोडीचा स्कर्ट तिला नीट बसत नव्हता, म्हणून जीन्स आली, असे विंटूर यांनी पुढे सांगितले. मुद्रकाला हे छायाचित्र चुकून आले असावे असे वाटले होते, हीही आठवण त्यांनी नोंदविली आहे. मॉडेलच्या देहाने वस्त्राच्या आज्ञेत राहण्याचे किंचित नाकारले आणि त्यातूनच उंची व साध्या कपड्यांच्या मिश्रणाचे एक नवे विधान सिद्ध झाले. वस्त्र आणि देह यांच्यातील या ताणात मॉडेलच्या मुखपृष्ठाची सर्जकता असते. तो ताण वस्त्राविषयी काही सांगतो, हे येथे महत्त्वाचे.

४

वलयांकित व्यक्तीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद लोकशाहीचा आहे. मॉडेलचा देह हा अप्राप्य मापदंड असतो. तिच्या जागी कर्तृत्वाने मोठी झालेली, वय आणि चरित्र असलेली स्त्री आली तर वाचक-स्त्रीची त्या मापदंडातून सुटका होते, असे म्हटले जाते. डिसेंबर १९९८च्या ‘व्होग’वर हिलरी क्लिंटन आल्या, हे या युक्तिवादाचे आवडते उदाहरण आहे. मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबर अंकाचे उदाहरण बरोबर विरुद्ध साक्ष देते. त्या अंकावर ओप्रा विन्फ्री होत्या. छायाचित्रापूर्वी त्यांनी वजन उतरवावे, असे त्यांना सुचविण्यात आले होते आणि त्यांनी ते उतरविले. दोन्ही बाजूंनी ही गोष्ट पुढे जाहीरपणे सांगितली आहे. अमेरिकेतील एका अत्यंत प्रभावी स्त्रीला तिचे कर्तृत्व घेऊन मुखपृष्ठावर येता आले. देह मात्र मॉडेलच्या मापाचा करून यावे लागले. मॉडेल हद्दपार झाली तरी तिचा मापदंड मागे राहिला. पूर्वी तो मापदंड ज्यांचा व्यवसाय होता त्यांच्यापुरता होता. आता तो प्रत्येक क्षेत्रातील यशस्वी स्त्रीला लागू झाला. यास मुक्ती म्हणणे कठीण आहे.

जॉन बर्जर यांनी १९७२ साली जाहिरातींचे विश्लेषण करताना दाखविले होते की, मोहकतेचा पाया हेवा हा असतो. मॉडेलविषयी वाटणारा हेवा तिच्या रूपाशी येऊन थांबतो. वलयांकित व्यक्तीविषयीचा हेवा तिचे घर, विवाह, मैत्री, मातृत्व असे सगळे आयुष्य व्यापतो. मुखपृष्ठावरील अक्षरेही मग मुलाखतीतील गुपितांची ग्वाही देऊ लागतात आणि कापडाची, शिवणकामाची भाषा आतल्या पानांत लोटली जाते.

५

भारतीय संदर्भात या प्रश्नाचा पट वेगळा आहे. ‘व्होग’ची भारतीय आवृत्ती २००७ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या मुखपृष्ठावर मध्यभागी जेमा वॉर्ड ही ऑस्ट्रेलियन मॉडेल आणि तिच्या दोन बाजूंना बिपाशा बसू व प्रियांका चोप्रा या मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील तारका होत्या. घडीच्या पानावर प्रीती झिंटा आणि मोनिकांगना दत्ता व लक्ष्मी मेनन या मॉडेल होत्या. या मांडणीचे वाचन दोन अक्षांवर करावे लागते. पहिल्या अक्षावर मॉडेल आणि तारका हा भेद आहे. दुसऱ्यावर गोरा देह आणि भारतीय देह हा. मध्यवर्ती स्थान फॅशनच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषेला मिळाले आणि स्थानिक मान्यतेचे काम तारकांकडे गेले. ज्यांच्याकडे ना गोरेपणाचे ना चित्रपटाचे भांडवल होते, त्या भारतीय मॉडेल घडीच्या आत गेल्या. तारका विरुद्ध मॉडेल या वादात नेहमी अनुच्चारित राहते ते हेच : जागा कोणाची जाते?

त्यातही एक गुंता आहे. बिपाशा बसू मॉडेलिंगमधून आणि प्रियांका चोप्रा २०००च्या विश्वसुंदरी-स्पर्धेच्या विजयातून चित्रपटात गेल्या होत्या. भारतात मॉडेलिंग हा पुष्कळदा चित्रपटाकडे जाणारा जिना ठरला आहे. त्यामुळे मॉडेल ही येथे स्वतंत्र कोटी म्हणून पुरती उभीच राहू शकली नाही. मधु सप्रे यांच्यासारखी मॉडेल म्हणूनच घरोघरी ओळखली गेलेली नावे अपवादात्मक वाटतात.

मराठी वाचकाला मुखपृष्ठावरील निनावी स्त्री अपरिचित नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांसाठी रंगविलेल्या स्त्रियांना नावे नव्हती. तिचे लुगडे, अंबाडा, अलंकार आणि हातातले तबक यांतून अर्थ निर्माण होई आणि तो कोणा एकीच्या चरित्रात बंदिस्त होत नसे. त्या जागी अभिनेत्रींची छायाचित्रे आली, तेव्हा सणाची सार्वजनिक प्रतिमा एका व्यक्तीच्या प्रसिद्धीशी बांधली गेली. अर्थात त्या निनावी स्त्रीच्या आदर्शीकरणातही वर्ण, जात आणि वर्ग यांच्या निवडी दडलेल्या होत्या. निनावीपणा निष्पाप असतोच असे नाही.

६

तेव्हा मॉडेलचा पुरस्कार गतकातरतेतून करता येणार नाही. तो करावयाचा तर एका निश्चित कारणासाठी. ऑगस्ट १९७४च्या अमेरिकन ‘व्होग’वर बेव्हर्ली जॉन्सन आली. त्या मुखपृष्ठावर येणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती. तिचे नाव सर्वतोमुखी होते म्हणून ती तेथे आली नाही. तेथे आल्यामुळे ते नाव झाले. येथे मुखपृष्ठाने एक चेहरा पाहण्याजोगा आहे असा निर्णय दिला आणि त्याची जबाबदारी घेतली. वलयांकित व्यक्तीच्या मुखपृष्ठात हा निर्णय अन्यत्र, चित्रपटगृहात वा दूरचित्रवाणीवर, आधीच झालेला असतो. नियतकालिक त्यावर केवळ शिक्का उमटविते. तारकेमुळे मुखपृष्ठ दूषित होते असे नाही. संपादकीय विवेकाला त्यात फारसे काम उरत नाही, एवढाच दोष आहे. परंतु तो लहान नाही. प्रस्थापित नावांचाच परामर्श घेणाऱ्या वाङ्मयीन नियतकालिकाविषयी जे म्हणता येते, तेच येथे म्हणता येईल.

या द्वंद्वाबाहेरचा एक मार्गही दिसला आहे. महासाथीच्या काळात, जुलै २०२०मध्ये, ब्रिटिश ‘व्होग’ने रेल्वेचालक, सुईण आणि सुपरमार्केटमधील कर्मचारी अशा तीन स्त्रियांची वेगवेगळी मुखपृष्ठे काढली. अंगावर त्यांचा कामाचा गणवेश होता. या स्त्रिया ना मॉडेल होत्या, ना वलयांकित. त्यांच्या वस्त्राने मात्र पुन्हा अर्थ धारण केला : ते त्यांच्या श्रमाकडे निर्देश करीत होते. उलट टोकाला, ऑगस्ट २०२५च्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये ‘गेस’ या कंपनीच्या जाहिरातीत कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेली मॉडेल आली. ती मुखपृष्ठावर नव्हती, जाहिरातीच्या पानावर होती. तरी बार्त यांनी वर्णिलेला ‘कोणाचाच नसलेला देह’ तेथे अक्षरशः साकार झाला. त्या देहाला वजन उतरविण्यास सांगावे लागत नाही, त्याला स्कर्ट न बसण्याची भीती नाही. म्हणून १९८८सारखा अपघातही त्याच्या बाबतीत घडू शकत नाही.

यापुढील निवड त्यामुळे मॉडेल आणि तारका एवढ्यापुरती मर्यादित राहणार नाही. एका बाजूस केवळ नाव आणि दुसऱ्या बाजूस केवळ आकार असताना मधली जागा प्रत्यक्ष, अद्याप अनोळखी अशा माणसाची आहे. तो देह वस्त्राला विरोध करू शकतो, त्याला वय होते आणि त्याला मोबदला द्यावा लागतो. फॅशन-नियतकालिकाने मुखपृष्ठ तारकेला द्यावे, जेव्हा तिच्या वेषाविषयी काही सांगण्याजोगे असेल. एरवी ती जागा त्या अनोळखी माणसाची आहे, आणि ती त्याला देणे हे संपादकाचे काम आहे.